वन्सं पडल्या त्या सकाळबाबत

जबाब देणार: खुर्च्या विणणाऱ्या बाई, गल्लीत ‘वेतवाल्या काकू’ म्हणून परिचित. वय ५७ वर्षे. धंदा: वेताच्या खुर्च्या विणणे व दुरुस्त करणे, घरबसल्या. राहणार: चष्म्याच्या दुकानासमोरचे बैठे घर, डावी बाजू. जबाब घेण्यास सुरुवात बुधवारी सकाळी अकरा वाजता.

मी समक्ष हजर राहून, जे विचारले ते आणि काही न विचारलेलेही, खरे सांगते ते येणेप्रमाणे.

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. त्याच घराच्या उजव्या बाजूला माझ्या नणंदबाई राहतात. त्यांचे वय ६६, लग्न केलेले नाही, टेलिफोन ऑफिसात तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाल्या. मी त्यांना वन्सं म्हणते, म्हणजे पूर्वी म्हणत असे. घर माझ्या सासऱ्यांनी बांधलेले आहे. माझे यजमान हे वन्संचे धाकटे भाऊ. ते नऊ वर्षांपूर्वी वारले. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हापासून घरात आम्ही दोघी आणि यजमानांनी पाळलेला कुत्रा आहे. कुत्र्याचे नाव भोंगा. पिल्लू असताना फार ओरडायचा म्हणून ते नाव पडले. आता त्याला बारावे वर्ष लागले असून तो ओरडत नाही.

वन्संच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, ज्याला मी यापुढे भाचा म्हणेन, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. त्याने सोमवारी या ठाण्यात दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तिच्यात दोन गोष्टी आहेत. गेल्या शुक्रवारी वन्सं त्यांच्या स्वयंपाकघरात पडल्या तेव्हा मी पलीकडे असून, ऐकत असून, मुद्दाम गेले नाही, ही एक. त्याने स्वतः उभे राहून घालून घेतलेली भिंत मी फोडली, ही दुसरी. दुसरी खरी आहे. पहिलीबद्दल पुढे सांगते.

आमचे संबंध कसे आहेत असे विचारले. नऊ वर्षे बोलणे नाही. भांडण आहे काय असे विचारले. भांडायलाही बोलावे लागते, तेव्हा भांडण नाही.

बोलणे कशावरून बंद झाले असे विचारले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही असे मी सांगितले. हवालदारसाहेब म्हणाले, संबंध आहे की नाही ते आम्ही बघू. म्हणून सांगते. यजमान दवाखान्यात होते तेव्हा आम्ही दोघी पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसत होतो. अकराव्या दिवशी दुपारी दोन वाजता मी अंघोळीला आणि त्यांचे धुतलेले कपडे आणायला घरी आले. वन्सं त्यांच्याजवळ होत्या. यजमान साडेतीन वाजता गेले. मी घरी कपड्यांना इस्त्री केली, पिशवी भरली आणि पाच वाजता वॉर्डच्या दारात पोचले, तेव्हा पलंगावर नवी चादर घातलेली होती. वॉर्डच्या बाहेर टेलिफोन होता. आमच्या समोर चष्मेवाल्यांकडेही टेलिफोन होता आणि ते नेहमी हाक मारून निरोप देत असत. वन्सं तेव्हा नोकरीत होत्या आणि लोकांचे फोन एकमेकांना जोडून देणे हेच त्यांचे काम होते. मी त्यांना विचारले, ‘‘मला कळवलं का नाही?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तू येऊन तरी काय करणार होतीस.’’ त्यानंतर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही माझ्याशी बोलणे टाकले, ते कशासाठी ते त्यांना माहीत.

तरी एका घरात राहायचे म्हणजे काही गोष्टी सांगाव्या लागतात. दूध उतू जाते, नळ उघडा राहतो. पहिल्याच महिन्यात वन्संनी भोंग्याला सांगायला सुरुवात केली. ‘‘भोंग्या, सांग तिला, ओट्यावर सांडलेलं पुसून घे म्हणावं, मुंग्या होतात.’’ भोंगा उठून माझ्याकडे आला. मीही त्याला म्हणाले, ‘‘भोंग्या, त्यांना म्हणावं, सांडलं कुणी ते आधी बघा.’’ तेव्हापासून तीच रीत पडली. गल्लीत लोक हसतात हे मला माहीत आहे. वीजमीटर बघायला येणारा माणूस तर एकदा जाताना भोंग्यालाच म्हणाला, दोघींना सांग, मी येऊन गेलो. पण त्या कुत्र्यावर आम्हा दोघींपैकी कुणी कधी आवाज चढवलेला नाही. हे लिहावे.

भिंतीची कल्पना भाच्याची. दोन महिन्यांपूर्वी तो आला होता तेव्हा मी चहाच्या भांड्याबद्दल भोंग्याला काहीतरी सांगत होते आणि वन्सं त्याला उत्तर देत होत्या. भाचा ते ऐकत बसला. मग म्हणाला, ‘‘मावशी, एकदाच काय ते घराचे दोन भाग करून टाका. रोजची कटकट कशाला?’’ वन्सं भोंग्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘विचार तिला, चालणार आहे का.’’ मी म्हणाले, ‘‘सांग त्यांना, आजच घाला.’’

बाहेरच्या खोल्या आधीपासून वेगळ्याच होत्या, प्रत्येकीचे रस्त्यावर उघडणारे दार होते. सामाईक होते ते फक्त मागचे स्वयंपाकघर. गवंडी दोरी घेऊन आला. तो दोरी धरून मधोमध उभा राहिला आणि आम्ही दोन्हीकडून भोंग्याला सूचना देऊ लागलो. अर्ध्या तासाने त्याने दोरी गुंडाळली. म्हणाला, ‘‘बायांनो, मी तीस वर्षं भिंती घालतोय. पण माप कुत्र्याकडून घ्यायची वेळ आली नव्हती. भिंतीची जागा तुमच्यापैकी एकीनं मला सांगा, नाहीतर मी चाललो.’’ शेवटी भाच्याने खडूने रेघ मारली. ओट्याचा चार फुटांचा तुकडा आणि बेसिन वन्संच्या बाजूला गेले. तीन फूट ओटा आणि खिडकी माझ्या बाजूला आली. माझ्यासाठी न्हाणीघरातून नवा नळ ओढला. भिंत एका विटेच्या जाडीची, सात फूट उंच, वर छतापर्यंत हवेसाठी मोकळी. खाली भोंग्यासाठी दीड फूट चौरस भोक ठेवायला वन्संनी सांगितले. ते त्यांनी सांगितले नसते तर मी सांगितले असते. गवंड्याचे काम आठ दिवसांत संपले. जाताना तो म्हणाला, ‘‘आता सुखानं राहा.’’

भिंत झाल्यावर आवाज वरून येत असे आणि भोंगा खालून. साधारण आठवड्याने वन्संचा पलीकडून आवाज आला, ‘‘भोंग्या, सांग तिला, माझ्या छातीत दुखतंय.’’ मी हातातले टाकून रस्त्यावरून वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले. पायात चप्पल घातली नव्हती. त्यांनी दार उघडले. हातात चहाचा कप होता. माझ्या मागून आलेल्या भोंग्याला म्हणाल्या, ‘‘बघितलंस, किती लगबगीनं आली. जागा मोकळी होते का ते बघायला.’’ आणि दार लावून घेतले. गल्लीतल्या दोघीतिघी उभ्या होत्या, त्यांनी ऐकले. हा प्रकार हवालदारसाहेबांनी विचारलेला नाही. मी आपण होऊन सांगते.

आता शुक्रवारबद्दल. वन्संनी भिंतीच्या त्यांच्या बाजूला स्वतः रंग द्यायचे ठरवले होते. फिकट हिरवा. गुरुवारी त्यांनी खालचा भाग रंगवला. निवृत्त झाल्यापासून त्या असली कामे अंगावर घेतात. मागे एकदा स्वतःच्या खोलीची फरशी बसवली होती आणि ती बरी बसली होती. गुरुवारी दिवसभर त्या भोंग्याला सांगत होत्या, ‘‘वास येत असेल तर खिडकी उघड म्हणावं. खिडकी तिच्याच वाट्याला गेलीय.’’ मी खिडकी उघडली नाही.

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या माझ्या बाजूला खिडकीखाली बसून खुर्ची विणत होते. वाचनालयाच्या बारा खुर्च्या दुरुस्तीला आल्या आहेत, त्यातली सातवी. बैठकीचा वेत उभा-आडवा भरून झाला होता आणि तिरप्या पट्ट्या ओढायच्या होत्या. वेत पाण्यात भिजवून मऊ करतात आणि तो वाळायच्या आत ओढावा लागतो, नाहीतर चिरतो. भोंगा माझ्या बाजूला झोपलेला होता. वन्सं पलीकडे शिडीवर चढून भिंतीचा वरचा भाग रंगवत होत्या. त्यांचा ब्रश भिंतीवर फिरताना मला ऐकू येत होता.

पुढच्या गल्लीतल्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा दहा पन्नासला होते. त्या सुमारास पलीकडे शिडी घसरल्याचा आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज झाला. रंगाचा डबा फरशीवरून गडगडत गेला. मग वन्संचा आवाज आला, ‘‘भोंग्या, सांग तिला, मी पडलेय.’’ तो ऐकताच मी हातातले काम टाकून उठले.

रस्त्याने जाऊन त्यांचे दार ढकलले. आतून कडी होती. खिडकीला गज आहेत. हाका मारल्या, त्यांना दारापर्यंत येता येत नव्हते. मी परत माझ्या स्वयंपाकघरात आले. भिंतीवरून चढून जाण्यासारखी शिडी घरात एकच होती आणि वन्सं तिच्यावरूनच पडल्या होत्या. भोंग्याच्या भोकातून मी खांद्यापर्यंत आत गेले, पुढे जाईना. तेव्हा खुर्च्यांच्या कामाचा हातोडा आणि जुनी पटाशी घेतली आणि भोकाच्या वरच्या विटा काढायला लागले. पहिली वीट निघायला वेळ लागला. नंतरच्या लवकर निघाल्या. एकंदर एकोणीस विटा काढल्या. त्या मी एका बाजूला रचून ठेवल्या आहेत, कुणी मोजू शकते. भाच्याचे म्हणणे असे की मी सूडबुद्धीने भिंत फोडली. सूडबुद्धीने फोडली असती तर रचून ठेवल्या नसत्या.

सव्वाअकराला मी पलीकडे गेले. वन्सं बेसिनखाली डाव्या कुशीवर होत्या. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. केसांत, गालावर आणि पातळावर हिरवा रंग. तोंड पांढरे पडले होते. माझ्या मागून भोंगा आत आला. वन्सं त्याला म्हणाल्या, ‘‘सांग तिला, पायाला हात लावू नकोस.’’ मी भोंग्याला म्हणाले, ‘‘त्यांना म्हणावं, गप्प पडून राहा.’’ त्या म्हणाल्या, ‘‘विटा कुठं टाकल्यास ते विचार.’’ घोंगडी आणून अंगावर टाकली. आतून कडी काढून रस्त्यावर गेले आणि समोरच्या चष्मेवाल्यांना रुग्णवाहिकेसाठी फोन करायला सांगितले. ते लगेच माझ्याबरोबर आले. वन्संना बघून ते मला म्हणाले, ‘‘काकू, तुमचे हात बघा.’’ माझ्या डाव्या हाताची दोन बोटे फुटली होती. तेव्हा कळले. रुग्णवाहिका अकरा चाळीसला आली.

रुग्णवाहिकेत मी बसले. बसायला दुसरे कुणी नव्हते. दवाखान्यात नर्सने वन्संना विचारले, ‘‘या कोण तुमच्या?’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘भावाची बायको.’’ दवाखान्यात कुत्रा आत नेता येत नाही, त्यामुळे आमच्यात बोलणे झाले ते असे.

‘‘भिंत सगळी फोडलीस?’’

‘‘आत येण्यापुरती.’’

‘‘रंग ओला होता वरचा.’’

‘‘वरची भिंत शाबूत आहे.’’

‘‘डागडुजी दिसणार ती. कितीही केली तरी दिसणार.’’

‘‘दिसू दे.’’

त्यानंतर त्यांना आत नेले. खुब्याचे हाड मोडले असून ऑपरेशन करावे लागेल असे डॉक्टरांनी मला सांगितले. ते शनिवारी झाले. ऑपरेशनच्या कागदावर नात्यातल्या माणसाची सही लागते, ती मी शुक्रवारी दुपारीच केली. भाचा तोवर आला नव्हता.

भाचा शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता आला. तो आधी घरी जाऊन भिंत बघून आला होता. वॉर्डच्या दारात, लोकांसमोर, तो मला म्हणाला, ‘‘मामी, चष्मेवाले सांगतात, ते आत आले तेव्हाच मावशीच्या केसांतला रंग खडखडीत वाळलेला होता. तुम्ही म्हणता ऐकल्याबरोबर गेलात. मग रंग कधी वाळला?’’ मी म्हणाले, ‘‘ते मावशीला विचार.’’ तो म्हणाला, ‘‘तुम्ही तिला मरायला सोडलं होतंत. घर तुम्हाला हवंय.’’ मी म्हणाले, ‘‘मला घर हवं असतं तर मी विटा काढल्या नसत्या. तू नीट विचार करून तक्रार कर, म्हणजे ठाण्यात हसं होणार नाही.’’ तो म्हणाला, ‘‘तक्रार करणारच.’’ मी म्हणाले, ‘‘कर.’’ याहून जास्त आमच्यात काही झालेले नाही. मी त्याला शिवी दिली हे तक्रारीत लिहिले आहे ते खोटे आहे. मला येतात, पण दिली नाही.

येथवर जबाब लिहून झाल्यावर हवालदारसाहेबांनी पेन खाली ठेवले आणि सांगितले की आता काळजीचे कारण नाही. काल संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात जाऊन वन्संचाही जबाब घेतला आहे. मी विचारल्यावरून त्यांनी त्यातला मजकूर मला वाचून दाखवला. तो असा: ‘‘मी शिडीवरून पडले आणि हाक मारली. माझी भावजय लगेच उठली, तिने एक मिनिटही वाया घालवले नाही. माझ्या केसांतला रंग आदल्या दिवशीचा होता. माझ्या भाच्याची तक्रार गैरसमजातून आहे. माझी भावजयीविरुद्ध काही तक्रार नाही.’’

मी विचारले, ‘‘एक मिनिट? असं त्या म्हणाल्या?’’

हवालदारसाहेब म्हणाले, ‘‘ही बघा त्यांची सही. दोघींचं म्हणणं जुळतंय. तुम्हीही सही करा आणि घरी जा.’’

मी सही बघितली. त्यांचीच आहे. मी त्यांना सांगितले की मी सही करणार नाही, जबाबात दुरुस्ती करायची आहे. ते म्हणाले, ‘‘काकू, तुम्हाला कळतंय ना, आता काही बदललंत तर ही तक्रार मिटायची नाही.’’

‘‘कळतंय.’’

‘‘मग कशाला अंगावर ओढून घेता? त्या स्वतः म्हणतायत, काही झालं नाही.’’

मी म्हणाले, ‘‘त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलावं एवढी आमची जवळीक नाही.’’

ते हसले. मी हसले नाही. मी त्यांना सांगितले, नऊ वर्षांत मी त्या बाईकडून एक चमचा मागून घेतलेला नाही. आता हे घेतले तर उरलेले आयुष्य मी त्यांची मिंधी. त्या तोंडाने काही म्हणणार नाहीत. नुसत्या बघतील. मला ते सोसणार नाही. त्या खोटे बोलल्या तो त्यांचा प्रश्न, त्याला मी जबाबदार नाही. माझे खरे आहे ते लिहून घ्या. त्यावर हवालदारसाहेबांनी नवा कागद घेतला.

दुरुस्ती अशी. वन्सं शाळेच्या घंटेच्या सुमारास पडल्या नाहीत. त्या पडल्या तेव्हा रेडिओवरच्या दहाच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या, म्हणजे दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. घंटा झाली दहा पन्नासला. मी उठले ती घंटेनंतर. मधली चाळीस मिनिटे मी खुर्ची विणत होते. केसांतला रंग आदल्या दिवशीचा नव्हता.

मागच्यासारखे सोंग असेल असे तुम्हाला वाटले का, असे हवालदारसाहेबांनी विचारले. हो म्हटले असते तर लिहून घेतले असते. नाही. शिडी पडल्याचा आवाज आणि माणूस पडल्याचा आवाज वेगळा असतो. मला पहिल्या हाकेलाच कळले होते.

हाका किती मारल्या असे विचारले. चार. पहिली वर लिहिली आहे तीच. दुसऱ्या हाकेला त्या म्हणाल्या, ‘‘भोंग्या, सांग तिला, उठता येत नाहीये.’’ भोंगा भोकापर्यंत गेला आणि परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी त्याला बस म्हटले. तो बसला नाही. तिसऱ्या हाकेला त्या म्हणाल्या, ‘‘भोंग्या, पाणी.’’ त्यानंतर बराच वेळ काही नाही. नुसते कण्हणे ऐकू येत होते. माझ्या हाताला काही होत नव्हते, पट्ट्या सरळ जात होत्या.

चौथ्या हाकेला त्यांनी कुत्र्याचे नाव घेतले नाही. माझे घेतले. लग्न होऊन आले तेव्हा ज्या नावाने हाक मारायच्या, त्या नावाने. एकदाच, आणि मोठ्याने नाही. त्यानंतर मी आणखी दोन पट्ट्या ओढल्या. हे मुद्दाम लिहावे. दोन.

एवढा वेळ काय विचार करत होता असे विचारले. विचार करत नव्हते. विणत होते.

मग का उठलात असे विचारले. घंटा झाली, शाळेची मुले मैदानात आली आणि त्यांचा गलका सुरू झाला. त्या गलक्यात वन्संचे कण्हणे ऐकू येईना. मी थोडे थांबले, तरी येईना. तेव्हा उठले.

त्यापुढचे दाराचे, विटांचे आणि दवाखान्याचे जे सांगितले ते सगळे जसेच्या तसे बरोबर आहे.

मला आणखी काही सांगायचे आहे का असे विचारले. वन्संना हा जबाब दाखवावा. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवसांनी त्यांना घरी सोडतील आणि तीन महिने त्यांना हाताशी माणूस लागेल. भाच्याला रजा नाही. मी करणार आहे. त्यांनी हे वाचून मग घरी यावे, आणि नको असेल तर तसे कळवावे.

वरचा सगळा मजकूर हवालदारसाहेबांनी मला दोनदा वाचून दाखवला, दुसऱ्यांदा माझ्या सांगण्यावरून सावकाश. पहिल्या कागदावर ‘‘तो ऐकताच मी हातातले काम टाकून उठले’’ असे आहे, त्यातल्या ‘‘तो ऐकताच’’ या शब्दांवर आडवी रेघ मारून समासात माझी सही घेतली आहे. आता जे राहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे.